म्यूलर : पाणचक्कीतून निघालेले आडनाव

जर्मनीतील टेलिफोनच्या नामसूचींवरून आडनावांची गणना करून त्यांच्या प्रसाराचा जो नकाशासंग्रह तेथील भाषाशास्त्रज्ञांनी सिद्ध केला आहे, त्याच्या अग्रभागी ‘म्यूलर’ हे आडनाव येते. २००५ सालच्या नामसूचीत या एका आडनावाच्या सुमारे अडीच लाख नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीमागे एक कुटुंब धरले, तर म्यूलर मंडळींची संख्या एखाद्या मोठ्या शहराइतकी भरते. त्याच्या पाठोपाठ श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी, वेबर म्हणजे विणकर, मायर म्हणजे जमीनदाराच्या शेतीवाडीचा कारभारी, वाग्नर म्हणजे गाडे घडविणारा सुतार, बेकर म्हणजे भटारी, शुल्ट्स म्हणजे गावचा मुखत्यार आणि होफमान म्हणजे वाडीचा वहिवाटदार अशी रांग लागते. पहिल्या दहांतील एकही आडनाव डोंगराचे, नदीचे किंवा मूळपुरुषाचे नाही. दहाही आडनावे हातातल्या कामाची अथवा हातातल्या अधिकाराची आहेत. स्वित्झर्लंडमध्येही पहिला क्रमांक म्यूलरचाच आहे.

म्यूलर म्हणजे धान्य दळून देणारा, चक्कीवाला. मध्ययुगीन जर्मन भूमीत जिकडे तिकडे चक्क्या होत्या, चक्क्यांवर असंख्य माणसे राबत होती आणि म्हणून त्यांच्या वंशजांची संख्या आज एवढी मोठी आहे, असे उत्तर चटकन सुचते. परंतु ते टिकत नाही. त्या काळी सर्वांत मोठी संख्या चक्कीवाल्यांची नव्हे, शेतकऱ्यांची होती, आणि तरीही ‘बाउअर’ म्हणजे शेतकरी हे आडनाव पहिल्या दहांत नाही. ज्या गावात प्रत्येक जण नांगर धरतो, त्या गावात एखाद्याला शेतकरी म्हटल्याने तो कोणता हे कुणालाच कळत नाही. चक्कीवाला मात्र गावात एकच असतो, किंवा दोनतीन गावांत मिळून एक असतो, आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो. हे आडनाव आज सर्वांत अधिक आढळते याचे कारण, ते ज्या ज्या ठिकाणी जन्मले त्या त्या ठिकाणी ते एकट्याचे होते, हे आहे. तथापि चक्कीवाला एकटाच का होता, आणि सर्व गावाचे पाय त्याच्याच दाराशी का वळत होते, हे समजण्यासाठी भाषेच्या आणि कायद्याच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

जर्मन लोकांचे आद्य पूर्वज धान्य हातानेच दळीत. त्यांच्या भाषांत जात्याला स्वतःचा जुना शब्द होता. गॉथिक भाषेत तो ‘क्वैर्नुस’ या रूपात आढळतो, आणि आजही क्वेरफुर्ट या गावाच्या नावात, म्हणजे ‘जात्याच्या उतारा’त, तो अवशेषरूपाने राहिला आहे. पाण्याच्या प्रवाहाने फिरणारे चाक आणि त्याच्या बळावर दळणारे मोठे दगड ही विद्या रोमन लोकांबरोबर आल्प्स पर्वत ओलांडून आली. रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हियस याने अशा यंत्राचे वर्णन ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातच करून ठेवले होते, आणि चौथ्या शतकात ऑसोनियस या कवीने मोसेल नदीवरील आपल्या काव्यात ट्रीरजवळच्या रूव्हर या उपनदीवर फिरणाऱ्या चाकांचा उल्लेख केला आहे. यंत्र परके आणि त्याचे नावही परके, अशी ही आयात होती. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘मोलिना’ म्हणजे चक्की आणि ‘मोलिनारियुस’ म्हणजे चक्कीवाला. त्यातून प्राचीन जर्मनमध्ये ‘मुलिनारी’, मध्यकालीन जर्मनमध्ये ‘म्युलनेर’, आणि पुढे उच्चाराची झीज होत होत ‘म्युलर’ अशी परंपरा लागते. जुना देशी शब्द घरातल्या हातजात्यापुरता उरून क्षीण झाला, आणि ओढ्याकाठच्या नव्या इमारतीने आपला लॅटिन शब्द सर्व देशभर रूढ केला.

पाणचक्की उभारणे हे काही गरीब कुळाचे काम नव्हते. ओढ्याला बंधारा घालायचा, पाट खणून पाणी चाकापर्यंत आणायचे, ओकच्या लाकडाचे चाक आणि दात्यांची चक्रे घडवायची, दूरच्या खाणीतून दळणाचे दगड आणवायचे, आणि ते दगड घासून गुळगुळीत झाले की टाकीने पुन्हा टाकवायचे. एवढा खर्च आणि एवढा अधिकार, विशेषतः पाण्यावरचा अधिकार, राजा, मठ किंवा सरदार यांच्याचपाशी होता. म्हणून चक्कीची गाठ प्रारंभापासूनच सत्तेशी पडलेली दिसते. फ्रँक लोकांच्या ‘सालिक’ कायद्यात चक्कीतील चोरीला स्वतंत्र कलम आहे. ८०० सालच्या सुमारास शार्लमेनच्या खाजगी जहागिरींच्या व्यवस्थेसाठी जे प्रसिद्ध फर्मान निघाले, त्यात चक्कीच्या ऐपतीप्रमाणे तेथे कोंबड्या आणि हंस पाळावेत असा हुकूम आढळतो. सांडलेल्या दाण्याचा आणि कोंड्याचाही हिशेब सम्राटाच्या दफ्तरात होता, हे वाचून त्या कारभाराच्या बारीक नजरेचे मोठे कौतुक वाटते. ११५८ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने इटलीतील रोन्काग्लियाच्या मैदानावर सभा भरवून राजसत्तेचे हक्क निश्चित करून घेतले, तेव्हा टांकसाळ, जकात, बंदरे आणि पूल यांच्या पंक्तीला नद्यांवरील चक्क्याही बसविण्यात आल्या.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आइके फॉन रेपगोव याने सॅक्सनी प्रांतातील रूढ कायदा लोकभाषेत संग्रहित केला. ‘साक्सेनश्पीगेल’ या नावाने तो ग्रंथ पुढे कित्येक शतके न्यायालयांतून प्रमाण मानला गेला. त्यात चर्चच्या जोडीने नांगर आणि चक्की यांनाही विशेष संरक्षण दिले असून त्यांची लूट करणाऱ्यास चाकावर हाडे मोडून मारण्याची शिक्षा सांगितली आहे. जो आधी येईल त्याचे दळण आधी, हा चक्कीवरील क्रमाचा नियमही त्याच ग्रंथातला. तो आज जर्मन भाषेत म्हण होऊन बसला असून तिकिटाच्या खिडकीपाशी उभी असलेली माणसे तो एकमेकांना ऐकवीत असतात.

या संरक्षणाची दुसरी बाजू अधिक कठोर होती. ज्याच्या हद्दीत चक्की, त्याच्या कुळांनी आपले धान्य त्याच चक्कीवर दळले पाहिजे, अशी सक्ती बाराव्या-तेराव्या शतकांपासून ठिकठिकाणी रूढ होत गेली. शेजारच्या गावची चक्की जवळ असो वा तेथले पीठ चांगले असो, धान्य हद्दीबाहेर नेले तर दंड होई, प्रसंगी पोती जप्त होत, आणि घरी हातजाते फिरविण्यावरही अनेक ठिकाणी बंदी असे. चक्कीवाला स्वतः बहुधा मालक नसे. तो जमीनदाराकडून चक्की मक्त्याने घेई, मक्त्याची रक्कम धान्यात किंवा नाण्यांत भरी, आणि स्वतःचे पोट दळणावळीवर चालवी. ही दळणावळ नाण्यांत नसून धान्यातच होती. ‘मेट्से’ नावाचे लाकडी माप भरून तो प्रत्येक दळणातून आपला वाटा काढून घेई. प्रशियात सोळा मेट्स्यांचा एक ‘शेफेल’ होत असे, आणि शेफेलमागे एक मेट्से, म्हणजे सोळावा हिस्सा, हा पुष्कळ ठिकाणचा रिवाज होता.

आता आपल्याकडील गावगाड्याकडे क्षणभर वळून पाहिले, तर या आडनावाचे रहस्य अधिक स्पष्ट होते. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही आपली आडनावे वतनाची. सुतार, लोहार, कुंभार, परीट, गुरव, जोशी ही बलुत्यांची. आणि जर्मनांच्या शुल्ट्स, मायर, श्मिट, वाग्नर यांच्याशी त्यांची जोडी सहज लागते. परंतु म्यूलरला जोड शोधू गेलो तर ती सापडत नाही. बारा बलुतेदारांच्या यादीत दळून देणारा कोणीच नाही. तेल गाळण्याचा घाणा घरोघरी नव्हता, म्हणून तेली हा स्वतंत्र व्यावसायिक झाला आणि ते आडनावही झाले. पीठ मात्र घरोघरच्या जात्यावर पहाटे दळले जात होते, आणि ते दळणाऱ्या हातांना बलुते नव्हते, वतन नव्हते, की सनद नव्हती. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, पाणचक्की प्रसिद्ध आहे. परंतु ती दर्ग्यातील फकीर आणि यात्रेकरू यांच्या अन्नछत्रासाठी दळीत असे, आणि आसपासच्या खेड्यांनी तेथेच दळण आणावे अशी सक्ती तिच्या मागे नव्हती. जे काम घरातील स्त्रिया करतात त्याचे आडनाव होत नाही. जे काम घराबाहेर काढून कायद्याच्या पहाऱ्यात एकाच्या हाती दिले जाते त्याचे होते. जर्मनीतील लक्षावधी म्यूलर कुटुंबे ही माझ्या मते त्या जुन्या मक्तेदारीची, आणि बंद पडलेल्या घरोघरच्या जात्यांची, आजही वाचता येणारी नोंद आहे.

आडनाव मुळात जडले कसे, हेही सांगितले पाहिजे. अकराव्या शतकापर्यंत जर्मन माणसाला एकच नाव असे आणि ते पुरतही असे. पुढे लोकसंख्या वाढली, नगरे भरू लागली, आणि त्याच वेळी नावांचा साठा मात्र आटत गेला. हाइनरिश, कोनराड, योहान्नेस अशा मोजक्या नावांवर सगळा समाज चालू लागला. हाइनरिश आणि कोनराड यांची लाडकी रूपे हिन्त्स आणि कून्त्स ही होत, आणि ‘हिन्त्स नि कून्त्स’ म्हणजे सोम्यागोम्या, असा वाक्प्रचार त्या भाषेत कायमचा रुजला तो या टंचाईमुळेच. नगराच्या करवसुलीच्या वहीत, जमिनीच्या खरेदीखतात, मठाच्या देणगीपत्रात एकाच गल्लीतले चार हाइनरिश आले की कारकुनाला त्यांत भेद करणे भाग पडे. मग एक ‘हाइनरिश, चक्कीवाला’, दुसरा ‘हाइनरिश, लोहार’, तिसरा ‘हाइनरिश, टेकडीवरचा’ असे लिहिले जाई. ही प्रथा ऱ्हाइनकाठच्या आणि दक्षिणेकडील नगरांत बाराव्या शतकात रुजली, तेथून उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकत गेली, आणि खेड्यापाड्यांत स्थिरावायला तिला आणखी दोनतीन शतके लागली. फ्रीझलंडसारख्या कोपऱ्यात, जेथे बापाचे नाव हीच मुलाची ओळख होती, तेथे १८११ साली नेपोलियनचा हुकूम येईपर्यंत स्थिर आडनाव नव्हते.

प्रारंभी हे विशेषण माणसाबरोबर बदलत असे. चक्कीवाल्याचा मुलगा भटारी झाला की तो बेकर म्हणून नोंदला जाई. जेव्हा मुलगा भटारीखान्यात राबत असूनही कारकून त्याला म्यूलर लिहू लागला, तेव्हा खरे आडनाव जन्मले असे मानतात; आणि हे संक्रमण पंधराव्या-सोळाव्या शतकांत बहुतेक ठिकाणी पुरे झालेले दिसते. घरातील स्त्रीला ‘म्यूलरिन’ असे स्त्रीलिंगी रूप लावण्याची चाल अठराव्या शतकापर्यंत होती. १८७६ सालापासून नव्या जर्मन साम्राज्यात जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि तोपर्यंत पाद्र्याच्या लेखणीप्रमाणे बदलणारी वर्णरचना एकदाची गोठली.

ती गोठण्यापूर्वी या नावाने पुष्कळ रूपे धारण केली होती. उत्तरेकडे, हॅम्बुर्गपासून डेन्मार्कच्या सीमेपर्यंत, ते ‘म्योलर’ असे उच्चारले जाते. बव्हेरिया आणि श्वाबिया येथील बोलींत ओठ गोल करण्याचा आळस असल्यामुळे तेथे ‘मिलर’ असेच लिहितात. ऑस्ट्रियाकडे जुन्या शब्दातील नकार टिकून ‘म्युल्नर’ राहिला. हॉलंडमध्ये ‘मुल्डर’. विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात, जेव्हा शिकलेल्या माणसाला आपले गावठी नाव लॅटिन वेषात मिरविण्याची हौस होती, तेव्हा काही म्यूलर ‘मोलिटोर’ झाले आणि काही ‘मीलियुस’. मोसेल नदीच्या परिसरात मोलिटोर कुटुंबे अजून आहेत. पंधराव्या शतकातील थोर ज्योतिर्गणिती, ज्याला विद्वज्जगत् रेगिओमोन्टानुस म्हणून ओळखते, त्याचे घरचे नाव योहान्नेस म्यूलर. फ्रँकोनियातील क्योनिग्जबेर्ग या गावी तो १४३६ साली जन्मला, आणि गावाच्या नावाचे लॅटिन रूपांतर त्याने स्वतःसाठी घेतले. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात गेलेल्या हजारो जर्मन शेतकऱ्यांची नावे इंग्रज कारकुनांनी ‘मिलर’ करून टाकली, त्यामुळे अमेरिकेतील मिलर हे आडनाव पुष्कळदा इंग्रजी वेषातला म्यूलरच असतो.

एकाच नावाची इतकी माणसे असली की लोक आपोआप भेद करू लागतात. ओढ्याच्या वरच्या अंगाचा ओबरम्यूलर, खालच्या अंगाचा नीडरम्यूलर, नवी चक्की घेतलेला नॉयम्यूलर. पाण्याचे चाक केवळ पीठच दळीत नव्हते. ते लाकूड कापी, तेल गाळी, कातडे कमावण्यासाठी ओकची साल कुटी, आणि १३९० साली न्यूरेम्बर्गच्या वेशीबाहेर उल्मान श्ट्रोमेर याने सुरू केलेल्या कारखान्यात तेच चाक चिंध्या कुटून कागदाचा लगदा करू लागले. त्यामुळे करवतीच्या चक्कीवरचा झेगम्यूलर, सालीच्या चक्कीवरचा लोम्यूलर आणि वाऱ्याच्या चक्कीवरचा विंडम्यूलर ही आडनावेही तयार झाली. याचा अर्थ दोन म्यूलर भेटले म्हणजे ते भाऊबंद, असे मुळीच नव्हे. हे नाव हजारो ओढ्यांच्या काठी हजार वेळा स्वतंत्रपणे उगवलेले आहे, आणि आपल्या कुळाचा शोध घेऊ पाहणाऱ्या म्यूलरला नावाचा काडीचाही उपयोग होत नाही. त्याला गावच्या चर्चचे दफ्तरच चाळावे लागते.

ज्याच्याशिवाय गावाची भाकरी होत नाही, त्याला गावाने मान द्यावा अशी आपली अपेक्षा असते. परंतु चक्कीवाल्याकडे समाज शतकानुशतके संशयाने पाहत आला. त्याची चक्की गावाबाहेर, पाण्याच्या काठी. रात्री-बेरात्री ती चालू. धान्य दगडाखाली गेल्यावर त्याचे किती पीठ व्हावे हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नसे. आणि आपला वाटा मापणारे माप त्याच्याच हातात. शिवाय दुसरीकडे जाण्याची मोकळीक नसल्यामुळे गाऱ्हाणे सांगूनही उपयोग नव्हता. जमीनदारावरचा राग त्याच्या मक्तेदारावर निघाला, यात नवल नाही. काही प्रदेशांत तर फाशीच्या वधस्तंभाची शिडी पुरविण्याचे कामही चक्कीवाल्याच्या माथी होते. त्याच्या मुलांना नगरातील कारागिरांच्या श्रेणी शिकाऊ म्हणून घेत नसत; विणकर, न्हावी, मेंढपाळ, जकातदार आणि वाजंत्री यांच्या मुलांप्रमाणे चक्कीवाल्याची मुलेही ‘अप्रतिष्ठित’ कुळातली ठरत. १५४८ साली ऑग्जबुर्ग येथे साम्राज्याच्या सभेने स्पष्ट कायदा करून असा भेद करण्यास मनाई केली. १५७७ साली तीच मनाई पुन्हा करावी लागली, यावरून पहिल्या कायद्याचा अंमल कितपत झाला असेल याची कल्पना येते.

या सर्व ताणाताणीचे एक विलक्षण उदाहरण प्रशियाच्या इतिहासात आहे, आणि त्याने एका राज्याचा कायदाच बदलून टाकला. नॉयमार्क प्रांतातील पोमर्त्सिग या गावाजवळ क्रिस्टियान आर्नोल्ड नावाचा चक्कीवाला काउंट श्मेट्टाऊ यांची चक्की मिरासी मक्त्याने चालवीत असे. ओढ्याच्या वरच्या अंगाला फॉन गेर्सडोर्फ या जिल्ह्याच्या अंमलदाराने आपल्या माशांसाठी तळी खणली; पाणी तिकडे वळले, असे आर्नोल्डचे म्हणणे. चाक फिरत नाही तर मक्ता कोठून भरू, अशी त्याची कैफियत होती. परंतु बाकी थकत गेली, दावा झाला, आणि १७७८ साली चक्कीचा लिलाव झाला. आर्नोल्ड आणि त्याची बायको यांनी अर्जावर अर्ज करून प्रकरण थेट राजा फ्रेडरिक दुसरा याच्या कानी घातले. बर्लिनच्या वरिष्ठ न्यायालयानेही निकाल विरुद्ध दिला, तेव्हा राजा संतापला. १७७९ च्या डिसेंबरात त्याने न्यायाधीशांना समोर बोलावून खडसावले, मुख्य न्यायमंत्री फॉन फ्युर्स्ट यांना तडकाफडकी काढून टाकले, अनेक न्यायाधीशांना कैदेत धाडले, आणि आर्नोल्डची नुकसानभरपाई करविली. गरीब रयतेचा कैवारी म्हणून साऱ्या युरोपात त्याचा जयजयकार झाला. परंतु न्यायाधीशांनी उपलब्ध पुराव्यावर निकाल दिला होता, आणि राजाने तो पुरावा नीट पाहिलाही नव्हता, असेच पुढे दिसून आले. त्याच्या मृत्यूनंतर गादीवर आलेल्या राजाने त्या न्यायाधीशांची अब्रू त्यांना परत दिली. मात्र नवे न्यायमंत्री फॉन कार्मेर यांनी या प्रसंगानंतर कायद्याच्या संहितीकरणाचे काम नेटाने हाती घेतले आणि १७९४ साली प्रशियाची सर्वसाधारण विधिसंहिता अमलात आली. राजाच्या मर्जीवर न्याय टांगलेला असू नये, हा विचार रुजविण्यास एका चक्कीवाल्याची फिर्याद कारणीभूत व्हावी, यात मला त्या काळाचे सारे चित्र दिसते.

लोकांनी मात्र दुसरीच कथा पसंत केली. पॉट्सडाम येथील सांसूसी राजवाड्याशेजारी एक पवनचक्की आहे. तिच्या घरघरीचा त्रास होऊन राजाने ती हटवू पाहिली आणि चक्कीवाल्याने बर्लिनच्या न्यायालयाकडे बोट दाखवून राजाला गप्प बसविले, अशी ती आख्यायिका. तिला कागदोपत्री आधार नाही. ती चक्की राजवाड्याहून जुनी होती एवढे खरे. पुढे तिच्या जागी आलेली मोठी चक्की १९४५ च्या युद्धात जळली आणि १९९३ साली ती पुन्हा उभारण्यात आली. आख्यायिकेतला राजा कायद्यापुढे नमतो आणि इतिहासातला राजा कायद्याला वाकवितो. दोन्हीकडे पुढ्यात उभा आहे तो चक्कीवालाच.

दळणाची सक्ती प्रशियात २८ ऑक्टोबर १८१० च्या हुकमाने उठली आणि इतर संस्थानांत पुढील काही दशकांत. तोपर्यंत म्यूलर हे आडनाव चक्कीपासून केव्हाच सुटे झाले होते, आणि त्याचा उत्तम दाखला ज्या कुटुंबात मिळतो, त्याचे नाव महाराष्ट्राला चांगले परिचित आहे. डेसाऊ नगरातील एका शिंप्याच्या घरी १७९४ साली विल्हेल्म म्यूलर जन्मला. आडनाव चक्कीवाल्याचे, बापाचा धंदा कात्री-सुईचा, आणि मुलगा झाला कवी. एका चक्कीवाल्याच्या मुलीवर अनुरक्त झालेल्या तरुण उमेदवाराची करुण कथा त्याने कवितांच्या मालिकेत गुंफली आणि १८२३ साली फ्रान्झ शूबर्टने तिला संगीत दिले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला विल्हेल्मला मुलगा झाला. संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर हे त्या बालकाचे धर्मपिता, आणि त्यांच्या गाजलेल्या संगीतनाटकातील नायकावरून त्याचे नाव ठेवले माक्स. चक्कीवाला आडनावाच्या शिंप्याच्या नातवाचा धर्मपिता विणकर आडनावाचा संगीतकार, अशी आडनावांची ही फारकत आहे.

हा मुलगा म्हणजेच ज्याने सायणभाष्यासह ऋग्वेदाची पहिली संपूर्ण मुद्रित आवृत्ती १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत सिद्ध केली तो माक्स म्यूलर. इंग्लंडात स्थायिक झाल्यावर नुसते म्यूलर म्हणवून घेतल्याने हजारोंत आपण हरवून जाऊ, असे त्याला वाटले, आणि त्याने ‘माक्स’ हे स्वतःचे नाव आडनावालाच जोडून टाकले. त्याच्या कुटुंबाचे आडनाव पुढे माक्स-म्यूलर असे झाले. पाच-सहाशे वर्षांपूर्वी करवसुलीच्या वहीत हाइनरिशांत भेद करण्यासाठी जे विशेषण जोडले गेले, त्याच विशेषणात आता भेद करण्यासाठी पुन्हा एक व्यक्तिनाम जोडावे लागले. ऋग्वेदाच्या मुखपृष्ठावर मात्र त्याने आपली ओळख संस्कृतात करून दिली: शार्मण्यदेशात जन्मलेला, गोतीर्थ म्हणजे ऑक्सफर्ड येथे राहणारा, मोक्षमूलर. आपल्या पंडितांनी त्याला आदराने ‘भट्ट मोक्षमूलर’ म्हटले, आणि एका जर्मन चक्कीवाल्याचे नाव मोक्षाच्या मुळाशी नेऊन बसविले. १८९७ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी विनंती करणाऱ्यांत हा वृद्ध पंडित होता, आणि तुरुंगात त्यांच्या हाती पडलेली ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्यानेच पाठविलेली होती. मुंबई-पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या तोंडी हे आडनाव रोज येते.

विसाव्या शतकात म्यूलर आडनावाची माणसे सर्व क्षेत्रांत आढळतात. १९१९ साली व्हर्सायच्या तहावर जर्मनीच्या वतीने सही करणाऱ्या दोघांपैकी एक, आणि पुढे दोनदा चॅन्सेलर झालेले हेर्मान म्यूलर. डीडीटीच्या कीटकनाशक गुणाचा शोध लावून १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे स्विस रसायनज्ञ पाउल हेर्मान म्यूलर. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल करणारे गेर्ड म्यूलर. रुमानियातील जर्मनभाषक खेड्यात वाढून २००९ चे साहित्याचे नोबेल मिळविणाऱ्या हेर्टा म्यूलर. यांतील कोणाच्याही हाताला पीठ लागलेले नाही.

ओढ्याकाठच्या चक्क्यांचे दिवस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच भरत आले होते. हंगेरीतून आलेल्या पोलादी रुळांच्या गिरण्या आणि वाफेचे बळ यांच्यापुढे लाकडी चाक टिकणे शक्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत उरलेल्या लहान चक्क्या हजारोंनी बंद पडल्या, आणि तेथील लोक त्या काळाला ‘चक्क्यांचे मरण’ असेच म्हणतात. १९९४ पासून दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सोमवारी देशभर चक्की-दिन पाळला जातो. त्या दिवशी जतन केलेल्या शेकडो चक्क्या लोकांसाठी उघडतात. पिठाच्या आधुनिक कारखान्यांतून काम करण्यासाठी तीन वर्षांचे रीतसर शिक्षण घेणाऱ्या तरुणांच्या प्रमाणपत्रावर २०१७ सालापासून ‘म्यूलर’ हे व्यवसायनाम उरलेले नाही. त्यांना ‘चक्की व धान्य उद्योगातील प्रक्रिया-तंत्रज्ञ’ असे लांबलचक अधिकृत नाव देण्यात आले आहे.